थकलेला हात आणि चालते यंत्र

कारखान्यातील सुरक्षितता म्हटली की यंत्राभोवतीची जाळी आणि भिंतीवरील ‘सावधान’ची पाटी डोळ्यांसमोर येते. या दोन्ही गोष्टी अवश्य हव्यात. परंतु सुरक्षिततेचा पाया त्याहून खोल आहे, आणि तो गिरणीतल्या साध्या माणसांनी कसा ओळखला, हे आज सांगावयाचे आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. शेतात राबणारा माणूस थकला म्हणजे बांधावर टेकतो आणि त्याच्याबरोबर बैलही विसावा घेतात. गिरणीत मात्र एकच वाफेचे इंजिन शेकडो यंत्रे फिरवी. माणूस थकला म्हणून पट्टा थांबत नसे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, कापसाची धूळ नाकातोंडात जाई, आणि सायंकाळी क्षणभर डोळा लागला, तर दातेरी चाकात बोट सापडावयास तेवढा क्षण पुरे होई.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम करून घेऊ नये, असे त्याने ठरविले. प्रौढांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच मर्यादा नव्हती. जणू धोका यंत्रातच असतो, थकव्यात नसतो!

ही उणीव कामगारांनीच दाखविली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. रविवारी सुटी असावी; दुपारी अर्धा तास विसावा मिळावा; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; पगार वेळेवर व्हावा; कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशा त्या मागण्या होत्या.

यांतील विसाव्याच्या मागण्या अपघात टाळणाऱ्या आहेत. अपघात झालाच, तर त्याची किंमत एकट्या जखमी माणसाने मोजू नये, हे शेवटच्या मागण्यांचे सांगणे आहे. सुरक्षिततेची ही दोन्ही मूलतत्त्वे त्या अर्जात आली होती.

फळ मात्र सावकाश आले. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. प्रौढ पुरुषांच्या कामावर कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. लोखंडे तेव्हा हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला होता.

मुंबईत काय किंवा इंदुरात काय, त्या काळच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण परांचीवर चढणारा गवंडी आणि रात्रपाळीचा कामगार आजही आहे. त्यांच्या हाती शिरस्त्राण देणाऱ्याने आणखी तीन प्रश्न विचारावेत : हा माणूस किती तासांपासून उभा आहे? तो विसावतो कोठे? आणि उद्या त्याला इजा झाली, तर त्याच्या घरची चूल कोण पेटती ठेवील?