नीलपंख, रामन आणि खडबडीत चांदी

मंडळी, आजऱ्याकडे गेलात तर शेतातल्या तारांवर नीलपंख शोधा. त्याची निळाई रंगद्रव्याची नाहीच! पिसातल्या अतिसूक्ष्म पोकळ्या निळा प्रकाश विखुरतात. १९३४ साली सर सी. व्ही. रामन यांनी याच पिसांवर संशोधन छापलं होतं.

रामन यांचा गाजलेला शोध मात्र १९२८ चा. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो, आणि त्यावरून रेणू ओळखता येतो. अडचण एकच, सिग्नल फार दुबळा.

१९७४ साली इंग्लंडात साउदॅम्प्टनला फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खडबडीत केला. त्यावरच्या पिरिडिनचा सिग्नल एकदम ठसठशीत! त्यांना वाटलं, पृष्ठभाग वाढला म्हणून जास्त रेणू चिकटले. १९७७ साली अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन ड्यून यांनी हिशोब केला. प्रत्येक रेणूमागे वाढ लाखो पट! नुसत्या क्षेत्रफळात हे बसेना. चांदीवरचे सूक्ष्म उंचवटेच प्रकाश एकवटत होते.

आज असे उंचवटे मुद्दाम, मोजूनमापून घडवतात. नखाएवढ्या चिपवर कीटकनाशकाचा अंश पकडता येतो. घनसाळ तांदळाच्या आजऱ्याला हे परकं नाही वाटणार.

गंमत बघा, सिग्नल १९७४ सालीच हातात होता. कारण सापडलं ते आकडेमोड करून बघणाऱ्यांना. डीबगिंग करणाऱ्यांनो, पटतंय ना?