एका गार्डचे दोन संघ

१० मे २०२१ रोजी अटलांटात रसेल वेस्टब्रूकने आपली १८२ वी ‘ट्रिपल डबल’ नोंदवली आणि ऑस्कर रॉबर्टसनचा १८१ चा जुना उच्चांक मागे पडला. गुण, रिबाउंड आणि असिस्ट हे तिन्ही आकडे एकाच सामन्यात दोन अंकी झाले की ती ट्रिपल डबल. दोघेही गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचणारे. त्या वेळी आकड्यांची तुलना पुष्कळ झाली. मला मात्र दोघांच्या संघांची यादी शेजारी ठेवून पाहावीशी वाटली. रॉबर्टसन चौदा हंगामांत दोनच संघांकडून खेळला. वेस्टब्रूक ओक्लाहोमा सिटीत अकरा हंगाम काढल्यावर ह्यूस्टन, वॉशिंग्टन, लेकर्स, क्लिपर्स, डेन्व्हर असा फिरत राहिला. जुने खेळाडू निष्ठावान आणि आताचे पैशामागे धावणारे, असे यावरून म्हणणे सोपे आहे. कागदपत्रे वेगळे सांगतात.

रॉबर्टसन इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्स शाळेचा विद्यार्थी. कृष्णवर्णीय मुलांना वेगळे ठेवण्यासाठीच १९२७ मध्ये ही शाळा काढलेली. १९५५ मध्ये तिने राज्य अजिंक्यपद जिंकले, पण मिरवणूक शहराच्या मुख्य चौकात रेंगाळू न देता कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेत नेण्यात आली. आपण कुठे थांबायचे हे दुसराच कोणी ठरवतो, हा अनुभव त्याला सोळाव्या वर्षी मिळाला.

पुढे तो सिनसिनाटी विद्यापीठात गेला. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी सिनसिनाटी रॉयल्समध्ये दाखल झाला. ही त्याची निवड नव्हती. स्थानिक महाविद्यालयातला खेळाडू तिथल्या संघाला आधी घेता येई, असा तेव्हा नियम होता. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट होती. म्हणजे अख्खा हंगामच ट्रिपल डबल! तरीही करार संपला की दुसऱ्या संघाशी मोकळेपणाने बोलणी करण्याची सोय त्याला नव्हती. करारातल्या कलमामुळे खेळाडू जुन्या मालकाशीच बांधलेला राही. वेठबिगारी हा शब्द इथे वापरणार नाही, पगार चांगले होते. पण आपल्या कामाचा भाव दुसऱ्या दारी विचारता येत नसेल, तर त्याला नोकरी तरी कसे म्हणावे?

१९७० च्या सुरुवातीला रॉयल्सने त्याला बाल्टिमोरला देऊन बदल्यात गस जॉन्सनला आणायचे ठरवले. रॉबर्टसनने नकार दिला. संमतीशिवाय अदलाबदल नाही, ही अट त्याने आपल्या करारात घालून घेतली होती. सामान्य खेळाडूला असा नकार शक्यच नव्हता. एप्रिलमध्ये तो मिलवॉकीला गेला आणि तिथे ल्यू अल्सिंडरच्या (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) साथीने १९७१ चे अजिंक्यपद जिंकला.

पण त्या एप्रिलची मोठी घटना न्यायालयात घडली, असे मला वाटते. १९६७ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाल्यापासून खेळाडूंना दुसरा गिऱ्हाईक मिळाला होता. दोन्ही लीग एक झाल्या की तो नाहीसा होणार, म्हणून खेळाडू संघटनेने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. संघटनेचा अध्यक्ष या नात्याने दाव्यावर नाव रॉबर्टसनचे. खटला सहा वर्षे चालला. १९७६ च्या तडजोडीने ते कलम गेले आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट हळूहळू मोकळी होऊ लागली. रॉबर्टसन १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. स्वतः लढून मिळवलेल्या हक्काचा त्याला खेळाडू म्हणून काहीच उपयोग झाला नाही.

वेस्टब्रूकच्या यादीतल्या साऱ्या नोंदी स्वेच्छेच्या आहेत, असेही नाही. ह्यूस्टन, वॉशिंग्टन, लेकर्स या तिन्ही ठिकाणी तो अदलाबदलीतूनच गेला. क्लिपर्सची निवड मात्र मोकळा झाल्यावर त्याने स्वतः केली.

आणि मालकांचे काय? रॉयल्स मुळात रॉचेस्टरचे. १९५७ मध्ये ते सिनसिनाटीला आले, १९७२ मध्ये तिथून कॅन्सस सिटी-ओमाहाला गेले आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला. आज त्यांचे नाव किंग्ज. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टब्रूकने त्यांच्याशीच करार केला.