दादीचं गोंदण

कवठे येमाईच्या यात्रेत माझ्या दादीनं लहानपणी हातावर तुळस गोंदून घेतली. सगळ्या बाया गोंदायच्या, मग हीही बसली. काजळी आणि सुया, एवढाच सरंजाम. उतारवयात रेषा फुटल्या, तुळशीचा हिरवट डाग झाला. कातडीखालच्या पेशी तो रंग गिळून धरतात; एक मेली की दुसरी उचलते, असं २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर दाखवलं.

हे न जाणं कंपनी सरकारनं ओळखलं होतं. बंगालात १७९७ पासून कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. १८४९ मध्ये ती शिक्षा बंद झाली. तोवर कैदी पागोटं भुवयांपर्यंत ओढून कपाळ झाकत.

दादीला कुणी शिक्षा केली नव्हती. पण हदीसमध्ये गोंदणाला मनाई आहे, हे फार उशिरा कानावर आलं. “माझा वजू होतो का रे?” असं ती मला, एका पोराला, विचारायची. एकदा चुना लावून हात भाजून घेतला. डाग राहिलाच, वर व्रण आला. मौलवीसाहेब म्हणाले, रंग कातडीखाली आहे, पाणी वर लागतं, वजू होतो. नकळत्या वयातल्याचा गुन्हाही नाही. ती मान हलवायची. नमाजला उभी राहताना मात्र ओढणी बोटांपर्यंत ओढायची.