तांब्याला विचारलेले प्रश्न

मी अहमदाबादला डिझाइनच्या मुलांना शिकवतो आणि दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात एक पितळी तांब्या घेऊन जातो. त्यामागची गोष्ट आज सांगतो.

१९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं देशभर हिंडलं. त्यांच्या ‘इंडिया रिपोर्ट’मधूनच पुढे १९६१ साली इथली एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यांत जास्त कौतुक आहे ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. पण नुसतं कौतुक नाही, प्रश्नांची लांबलचक यादी आहे. पाणी किती मावावं? उचलणारा हात केवढा, बाईचा की पुरुषाचा? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? आतून घासता येतो का? मोडीत काय येईल?

‘तुम्हाला काय आवडेल?’ हा प्रश्न त्यात नाही!

हे माझ्या लक्षात यायला एक घागर वाया जावी लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांना पंचवीस प्रश्नांचा फॉर्म देऊन एका गावात पाठवलं. ‘हँडलवाली घागर आवडेल का?’ सगळ्या बायका ‘हो’ म्हणाल्या. दारी आलेल्या पोरांना ‘नाही’ कोण म्हणणार? मुलं महिनाभर खपली. घागर घेऊन गेलो, तर एका आजींनी ती भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली (गुजरातीत ईंढोणी), घागर चढवली आणि वर कळशी ठेवायला गेल्या. तोंडावरच्या आडव्या हँडलमुळे कळशी बसेना. म्हणजे रोजची एक खेप वाढली. आजी काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त. फॉर्ममध्ये कळशीचा उल्लेखच नव्हता, कारण आमच्यापैकी कुणी पाणवठ्यापर्यंत चालत गेलंच नव्हतं.

आणि हे धडे आमच्या शेजारीच गिरवून झाले होते. १९७५ साली रवी मथाईंनी राजस्थानातल्या जवाजात काम सुरू केलं. एनआयडीची माणसं तिथल्या विणकरांबरोबर, चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर बसली. काय बनवायचं ते त्या बसण्यातून ठरत गेलं.

आता माझ्या वर्गात पहिले दोन दिवस प्रश्न विचारायला बंदी असते. मुलं कुरकुरतात. मग मी त्यांच्या हातात भरलेली कळशी देतो.