एक सेकंद आणि बुटांची किंमत

परवा रविवारी इगतपुरीला धुक्यात धावायला गेलो होतो. मित्राच्या पायात कार्बन प्लेटचे नवेकोरे बूट, किंमत वीस हजारांच्या वर! टपरीवर चहा पिताना वाद पेटला: ही प्रगती की चीटिंग?

मला आठवली आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची कविता राऊत. लहानपणी अनवाणी धावायची. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिला रौप्य मिळालं, वेळ ३१:५१.४४. सुवर्ण प्रीजा श्रीधरनला, ३१:५०.४७. पंचवीस फेऱ्या मारून फरक एका सेकंदाहून कमी! बुटांनी फक्त एक टक्का वेळ वाचवला तर किती? (सवयीने एक्सेल उघडलंच.) १९ सेकंद.

२०१७ मध्ये नायकेच्या बुटाच्या नावातच ४ टक्के होते; अर्थात ते ऊर्जेच्या बचतीचे, वेळेच्या नव्हे. पुढे ट्रॅकच्या स्पाइक्समध्येही तसला फोम आणि प्लेट आली. जानेवारी २०२० मध्ये जागतिक संघटनेने नियम केले: रस्त्यावर सोल जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, प्लेट एकच, आणि बूट चार महिने आधी बाजारात हवा.

पण बाजारात असणं आणि परवडणं एकच का हो? जाडीला मर्यादा घातली, किमतीला कुणी घातलेली नाही.