वेगवान नौकेचा तोल

जमिनीवर धांवणाऱ्या गाडीला तयार रस्ता मिळतो. पाण्यावर धांवणारी नौका मात्र आपल्या वाटेंत आपणच अडथळा उभा करीत जाते. ती पुढें सरकूं लागली कीं तिच्या नाळेपाशीं लाट उठते. वेग वाढेल तसतशी ही लाट लांब होत जाते, आणि अखेरीस नौका स्वतःच निर्माण केलेल्या लाटेच्या चढणीवर अडकून पडते. त्यापुढें यंत्राची शक्ति दुप्पट केली तरी वेगांत थोडीच भर पडते. या कोंडींतून सुटण्याचा एक मार्ग आहे, तो असा कीं नौकेनें पाणी कापीत जाण्याऐवजीं पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जावें. परंतु जी वस्तु घसरते तिला पाण्याचा आधार कमी, आणि जिला आधार कमी तिचा तोल जाण्याचें भय अधिक. वेग आणि तोल यांच्यामधील या भांडणाचा इतिहास दीडशें वर्षांहून जुना आहे. हल्लीं शहरांतील तळ्यांवर दोन-तीन फूट लांबीची विजेची नौका हातांतील बिनतारी यंत्रानें पळविणारे हौशी लोक दिसतात. त्यांच्या त्या छंदामध्यें हा सगळा इतिहास सांठविलेला आहे.

या इतिहासाचें पहिलें पान एका धर्मोपदेशकानें लिहिलें. इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत प्लेडन म्हणून एक खेडें आहे. तेथील रेव्हरंड रेमस यांनीं १८७२ सालीं ब्रिटिश आरमाराकडे एक योजना पाठविली. जहाजाचा तळ सलग न ठेवतां त्याला पायरी द्यावी, म्हणजे तळाचे दोन उतरते भाग होतील, आणि वेग वाढतांच जहाज पाण्यावर उचललें जाईल, अशी ती योजना होती. आरमारानें ती तपासण्यासाठीं विल्यम फ्रूड यांच्याकडे दिली. फ्रूड यांनीं टॉर्की गांवीं आपल्या घराजवळ सरकारी खर्चानें एक लांब हौद बांधविला होता, आणि त्यांत जहाजांच्या लहान प्रतिकृति ओढून ते पाण्याचा विरोध मोजीत असत. त्यांनीं रेमस यांच्या योजनेचीही प्रतिकृति करून पाहिली. निष्कर्ष असा निघाला कीं कल्पना खोटी नाहीं, पण तिचा लाभ मिळण्यास जो वेग हवा तो त्या काळच्या जड वाफेच्या यंत्रांना साधणारा नव्हता. कल्पना बरोबर आणि काळ प्रतिकूल, असें विज्ञानाच्या इतिहासांत अनेकदां घडतें.

फ्रूड यांनीं मागें ठेवलेला खरा ठेवा म्हणजे त्यांचा नियम. प्रतिकृतीची लांबी मूळ नौकेच्या जितक्या पट असेल, त्या पटीच्या वर्गमुळाइतक्या वेगानें ती चालविली तर तिच्या लाटा मूळ नौकेच्या लाटांसारख्याच उठतात. उदाहरणार्थ, २७ फूट लांबीची नौका तासीं १४१ मैल धांवते असें समजूं. तिची ३ फुटांची प्रतिकृति लांबीनें एक नवमांश; नवाचें वर्गमूळ तीन; म्हणून प्रतिकृति तासीं ४७ मैल धांवली कीं दोघींची स्थिति सारखी झाली. आजच्या हौशी माणसाच्या विजेच्या नौकेला हा वेग मुळींच दुर्लभ नाहीं. म्हणजे तळ्यावरचें तें खेळणें ज्या संकटांतून जातें तीं संकटें मोठ्या विक्रमी नौकांच्या संकटांच्याच जातीचीं असतात. भेद एवढाच कीं खेळण्यांत माणूस बसलेला नसतो.

माणूस कांठावर आणि नौका पाण्यांत, ही गोष्ट प्रथम निकोला टेस्ला यांनीं घडवून आणली. विजेच्या बळावर नौका चालते हें त्यापूर्वीं सिद्ध झालें होतें. याकोबी यांनीं १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदीवर विद्युद्घटांच्या साहाय्यानें दहाबारा माणसें घेऊन नौका चालविली होती, आणि त्रूव्हे यांनीं १८८१ सालीं पॅरिसच्या सेन नदीवर तसाच प्रयोग केला होता. टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत जी लहानशी लोखंडी नौका फिरविली, तिला ना दोर होता ना तार. दुरून सोडलेल्या विद्युल्लहरींनीं तिचें सुकाणू वळे आणि तिच्यावरील दिवे लागत व विझत. या शोधाचें पेटंट त्यांना ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं मिळालें. त्या लेखांत टेस्ला यांनीं अशी आशा व्यक्त केली होती कीं या शोधाच्या संहारक शक्तीमुळेंच राष्ट्रें युद्धापासून परावृत्त होतील. ती आशा फळास आली नाहीं. युद्धांत बिनतारी अस्त्रें वाढलींच. पण माणसाला धोक्यापासून दूर ठेवून यंत्राची परीक्षा घेण्याचें साधन जगाला मिळालें, हा त्या शोधाचा दुसरा आणि अधिक निर्मळ लाभ होय.

इकडे पेट्रोलच्या हलक्या यंत्रानें रेमस यांची पायरी पुन्हां जिवंत केली. थॉर्निक्रॉफ्ट यांनीं १९१० सालीं बांधलेली 'मिरांडा ४' ही २६ फूट लांबीची पायरीदार नौका तासीं सुमारें ३५ सागरी मैल धांवली, आणि १९१६ पासून ब्रिटिश आरमारानें तिच्याच धर्तीवर किनारी मोटरबोटी बांधल्या. वेगाची चढाओढ येथून सुरू झाली, आणि तिची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजावी लागली. शुक्रवार, १३ जून १९३० रोजीं विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनीं 'मिस इंग्लंड २' ही नौका दोन्ही दिशांनीं धांवडवून तासीं ९८.७६ मैलांचा विक्रम केला. तिसऱ्या फेरींत तरंगणारी एखादी वस्तु तळाला लागली असावी, नौका उलटली. त्यांचे सहकारी हॅलिवेल जागींच गेले, आणि सीग्रेव्ह विक्रम झाल्याचें ऐकून थोड्याच वेळांत निवर्तले. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील गार वुड यांनीं शंभर मैलांची मर्यादा ओलांडली.

तोल साधण्याचा पुढील उपाय अमेरिकेंतील व्हेंटनर येथील एपेल पितापुत्रांनीं काढला. एकाच पायरीवर डळमळत राहण्याऐवजीं नौकेच्या पुढील भागाच्या दोन्ही बगलांस दोन लहान होडीवजा पाय द्यावे, म्हणजे पुढें दोन आणि मागें एक असे तीन बिंदु पाण्याला टेकतील, हें त्यांचें सूत्र होतें. तीन पायांची घडवंची डगमगत नाहीं, हें प्रत्येक सुतार जाणतो. या रचनेच्या नौकेनें माल्कम कॅम्पबेल यांनीं १९ ऑगस्ट १९३९ रोजीं कॉनिस्टन सरोवरावर तासीं १४१.७४ मैलांचा विक्रम केला. पुढें २६ जून १९५० रोजीं सिॲटल येथें 'स्लो-मो-शन ४' या नौकेनें आणखी एक पाऊल टाकलें. तिचा मळसूत्री पंखा अर्धा पाण्यांत आणि अर्धा हवेंत फिरे. मागचा तिसरा टेका तळाचा न राहतां फिरत्या पंख्याचा झाला, पाण्याला लागणारा पृष्ठभाग आणखी घटला, आणि वेग १६० मैलांवर गेला.

त्यानंतर जेट यंत्र आलें, आणि पाण्यापेक्षां हवाच अधिक मोठी वैरीण ठरली. २९ सप्टेंबर १९५२ रोजीं स्कॉटलंडांतील लॉख नेस सरोवरावर जॉन कॉब यांची 'क्रुसेडर' नौका तासीं २०० मैलांपलीकडे गेली असतां लाटांवर आदळून फुटली व कॉब मरण पावले. माल्कम यांचे पुत्र डोनाल्ड कॅम्पबेल यांनीं 'ब्लूबर्ड' नौकेनें १९५५ ते १९६४ या काळांत सात विक्रम केले. ४ जानेवारी १९६७ रोजीं कॉनिस्टनवर त्यांची पहिली फेरी तासीं सुमारें २९७ मैलांची झाली. विक्रमाच्या नियमाप्रमाणें दोन उलट दिशांच्या फेऱ्यांची सरासरी धरतात. म्हणून परतीची फेरी अवश्य होती. कॅम्पबेल यांनीं पुन्हां इंधन भरलें नाहीं, आणि पहिल्या फेरीच्या लाटा शमण्याची वाटही पाहिली नाहीं. परतीच्या वाटेवर तीनशें मैलांहून अधिक वेगांत नाळ उचलली गेली, नौकेनें हवेंत कोलांटी घेतली आणि ती पाण्यांत बुडाली. अभ्यासकांनीं या अपघाताचीं अनेक कारणें पुढें मांडलीं आहेत. परंतु मूळ गणित स्पष्ट आहे. नाळ एका मर्यादेपलीकडे उचलली गेली कीं तळाखालीं शिरलेली हवा ती आणखी उचलते, हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, आणि मग सांवरण्यास क्षणही मिळत नाहीं. कॅम्पबेल यांचा देह २००१ सालीं, चौतीस वर्षांनीं, सरोवरांतून काढून कॉनिस्टन गांवीं पुरण्यांत आला.

आतां तळ्यावरील लहान नौकेकडे पाहिलें म्हणजे तिची जुळवणी करणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न या इतिहासांतून आलेला दिसतो. प्रारंभींचे हौशी लोक नौकेला दोरानें मधल्या खांबाशीं बांधून गोल फिरवीत. पुढें बिनतारी यंत्रें आलीं, पण प्रथम त्यांना सुकाणू डावें, सरळ किंवा उजवें एवढेंच ठाऊक होतें. सुकाणू हवें तितकेंच वळविणारीं यंत्रें १९६० नंतर प्रचारांत आलीं, आणि मग सरळ धांवेबरोबर वळणाचाही तोल साधणें भाग पडलें.

जुळवणीचा आरंभ तळापासून होतो. तळाचा मागील भाग पोलादी पट्टी किंवा कांच लावून तपासतात. तेथें खोलगटपणा असेल तर नाळ खालीं दबते व वेग मरतो. फुगवटा असेल तर नौका बेडकासारख्या उड्या मारीत जाते. तळाच्या कडा तीक्ष्ण ठेवतात, कारण गोल कडेला पाणी चिकटून नौकेला खालीं ओढतें. यानंतर वजनाची पाळी. गलबताचा तोल राखण्यासाठीं तांडेल तळाशीं जसें नीरम भरतो, तसें या नौकेंत विद्युद्घटांचें वजन कामास येतें, आणि तें सरकवितांही येतें. साध्या एकसंध तळाच्या नौकेंत गुरुत्वमध्य पिछाडीपासून लांबीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर ठेवून आरंभ करतात. तीन टेक्यांच्या नौकेंत तो पुढील दोन पायांच्या किंचित् मागें येतो. वजन फार मागें गेलें तर नाळ हवेंत शिरते, आणि कॅम्पबेल यांच्या नौकेची गत होते. फार पुढें आलें तर नौका पाण्याला चिकटते व वळणावर नाळ बुडविते.

मग पंख्याची पाळी. अर्धवट बुडालेला पंखा पिछाडीला उचलतो. पण तो चाकासारखा पाण्यावर लोळत असल्यानें पिछाडीला एका बाजूस ढकलतोही. शिवाय पंखा ज्या दिशेनें फिरतो तिच्या उलट दिशेस सबंध नौका कलते. यासाठीं सुकाणू मध्यरेषेवरून किंचित् हटवितात, विद्युद्घट थोडा एका अंगास सरकवितात, किंवा पिछाडीच्या लहान पट्ट्या कमीअधिक वाकवितात. पंख्याच्या दांड्याचा कोन एका अंशानें बदलला तरी पिछाडी उचलली वा दबली जाते, आणि नाळ त्याच्या उलट वागते. वळणासाठीं नौकेच्या बगलेस एक उभें पातें पाण्यांत सोडतात. शर्यतींत नौका बहुधा उजवीकडे वळतात, म्हणून हें पातें उजव्या अंगास असतें. तें पिछाडीला बाहेर घसरूं देत नाहीं.

या सर्व कामाचा पाया एकाच शिस्तीवर आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, शांत पाण्यावर दोन्ही दिशांनीं फेरी घ्यावी, परिणाम वहींत टिपावा, आणि मगच दुसरी गोष्ट बदलावी. कॉनिस्टनवरील त्या सकाळीं परतीच्या फेरींत नौकेचें वजन आणि पाण्याची स्थिति हीं दोन्ही एकदम बदललेलीं होतीं. तळ्यावरील मुलगा आपली नौका परत फिरविण्यापूर्वीं लाटा शमण्याची वाट पाहतो, तेव्हां तो नकळत त्या चुकीचा धडा पाळीत असतो.

विजेची शक्ति तर आतां मोठ्या नौकांतही परतली आहे. त्याच कॉनिस्टन सरोवरावर जून २०१८ मध्यें एका विद्युन्नौकेनें तासीं ८८.६१ मैलांचा विक्रम नोंदविला. हलके लिथियमचे घट आणि कार्बनच्या घासपट्ट्यांवांचून चालणारीं यंत्रें प्रथम लहान नौकांच्या हौशी जगांत रुळलेलीं होतीं, हें येथें विसरतां येत नाहीं.

रेमस यांची कल्पना फ्रूड यांच्या हौदांत तपासली गेली तेव्हां कोणाचा केसही वांकडा झाला नाहीं. पुढील शतकांत तोच प्रश्न मोठ्या नौकांनीं, मोठ्या वेगांत आणि जिवंत माणसें बसवून विचारला गेला, आणि सीग्रेव्ह, हॅलिवेल, कॉब व कॅम्पबेल यांना त्याचें उत्तर आपल्या प्राणांनीं द्यावें लागलें. तळ्यावर उलटलेली तीन फुटांची नौका मात्र तिचा धनी काठीनें ओढून आणतो, पुसतो, विद्युद्घट अर्धा बोट पुढें सरकवितो आणि पुन्हां पाण्यांत सोडतो. प्रश्न तोच असतो. विचारण्याची रीत मात्र शहाणपणाची झालेली असते.