अकेडिया

ख्रिस्ती मठपरंपरेत आध्यात्मिक आळसासाठी रूढ असलेली संज्ञा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आस्था नसणे’ असा आहे. केवळ निष्क्रियता वा झोपाळूपणा एवढेच तीत अभिप्रेत नाही. स्वीकारलेल्या कर्तव्याचा वीट आणि त्यातून उद्‌भवणारी चंचलता ही तिची मुख्य लक्षणे होत.

या दोषाचा सूक्ष्म विचार चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील एकांतवासी साधकांनी केला. संत अँटनी (सु. २५१–३५६) याच्याविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. वैतागलेल्या अँटनीने तरणोपायासाठी ईश्वराची करुणा भाकली. तेव्हा त्याला स्वतःसारखाच एक पुरुष दिसला. तो बसून दोरी वळी, प्रार्थनेसाठी उठे आणि पुन्हा कामास बसे. आळसावरील उपाय त्याला या दृश्यातच सापडला.

इव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने साधकाला ग्रासणारे आठ कुविचार सांगितले, अकेडिया त्यांपैकी एक. ‘मध्यान्हीचा सैतान’ असेही नाव त्याने तिला दिले. सकाळी सु. दहापासून दुपारी सु. दोनपर्यंत तिचा जोर असतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, नजर वारंवार खिडकीकडे वळते, राहती जागा व हातचे काम नकोसे होते. अशा वेळी खोली न सोडता धीराने टिकून राहावे, हे त्याच्या उपदेशाचे सार होय.

जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने ही शिकवण पश्चिम यूरोपात नेली. आळस सत्कृत्याचे रूपही घेतो, हे त्याचे मार्मिक निरीक्षण आहे. विटलेल्या साधूला दूरच्या आजाऱ्याची विचारपूस करणे एकाएकी अत्यावश्यक वाटू लागते. त्याने पॉल नावाच्या साधूची हकीकतही दिली आहे. बाजारापासून फार दूर राहणारा हा साधू वर्षभर ताडाच्या पानांचे काम करी आणि वर्षाअखेरीस ते सर्व जाळून टाकी. कारण विक्रीपेक्षा वाहतुकीचाच खर्च अधिक होता. येथे श्रमाचे मोल उत्पन्नात नसून चित्तशुद्धीत मानलेले दिसते.

या अनुभवांना संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) याच्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत व्यवस्थेचे रूप आले. आळस हा आत्म्याचा शत्रू असल्याचे सांगून तिच्या ४८ व्या प्रकरणात अंगमेहनत व धर्मग्रंथवाचन यांच्या वेळा ऋतुमानानुसार ठरवून दिल्या आहेत. वाचनाच्या वेळी कोणी गप्पांत रमत नाही ना, हे पाहण्यासाठी एकदोन ज्येष्ठांनी फेरी मारावी, असेही तीत म्हटले आहे. मात्र दुर्बलांना झेपेल तेवढेच काम द्यावे, ही सूचनाही त्याच प्रकरणात आहे. ‘प्रार्थना व श्रम’ हे बेनेडिक्टपंथाचे प्रसिद्ध बोधवाक्य मात्र नियमावलीत आढळत नाही. ते उत्तरकालीन आहे.

ही शिस्त केवळ मनोनिग्रहावर आधारलेली नव्हती. ईश्वराने साहाय्यास धावून यावे, अशी याचना करणारा स्तोत्रसंहितेतील एक चरण कॅसिअनने अखंड जपासाठी सुचविला. बेनेडिक्टने तोच दिवसाच्या प्रार्थनांच्या आरंभी घातला. नित्यनेम माणसाने पाळावा, पण बळ कृपेने लाभते, अशी यामागील श्रद्धा होती.

पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने मुख्य पापांची यादी सातांची केली, तेव्हा तीत अकेडियाऐवजी ‘खिन्नता’ आली. संत टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने ईश्वरी श्रेयाविषयी वाटणारा विषाद अशी अकेडियाची व्याख्या केली. पुढे लोकव्यवहारात तिचा अर्थ साध्या आळसापुरता संकुचित झाला.

आधुनिक काळात अकेडिया व विषण्णता हा मानसिक विकार यांतील साम्याची चर्चा झाली आहे. तथापि दोहोंना एक समजणे योग्य नव्हे. विकाराला उपचार हवेत, दोषारोप नव्हे. सतत धावपळ करणारा माणूसही आपल्या मुख्य कर्तव्यापासून पळत असू शकतो, हा या परंपरेचा महत्त्वाचा बोध होय. म्हणूनच अधिक काम हा तिने सांगितलेला उपाय नाही. ठरल्या जागी, ठरल्या वेळी केलेले बेताचे काम आणि त्याला प्रार्थनेची जोड, हा आहे.